बेरीज जुळली, बॅटऱ्यांचे काय?

बँकेत हयात घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहेच, असे नव्हे. एका खात्यात शंभर रुपये जास्त पडले आणि दुसऱ्यात शंभर कमी, तरी बेरीज देखणी दिसते. चूक मात्र खतावणीत बसून राहते.

हाच न्याय आपल्या सोसायट्यांत आणि दवाखान्यांत जिन्याखाली मांडलेल्या बॅटऱ्यांना लागू आहे. १८५९ साली फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते यांनी शिसे आणि आम्लाची बॅटरी केली, तेव्हापासून तिचा एक कप्पा साधारण दोन व्होल्टचाच. सहा कप्प्यांची एक बॅटरी, अशा दहा बॅटऱ्यांची एक माळ. चार्जर बंद असताना माळेचे १२६ व्होल्ट भरले की तंत्रज्ञ वहीत सही करून मोकळा होतो. पण नऊ बॅटऱ्या १२.८ आणि दहावी १०.८ असली, तरी बेरीज १२६च! त्या दहावीतला एक कप्पा बहुधा मेलेला असतो.

चार्जरलाही फक्त बेरीजच दिसते. तो १३८ व्होल्ट देतो. दहावी आपला वाटा उचलत नाही, म्हणून जास्तीचा दाब नऊ धडधाकट बॅटऱ्यांवर पडतो. त्या तापतात, त्यांतले पाणी आटते. वीज गेली की दुबळी आधी रिकामी होते आणि बाकीच्यांत दम असूनही सगळी माळ बसते.

सभेत मग ठरलेली सूचना येते : ‘एकच बदला, बाकीच्या चालतील.’ मला हे मान्य नाही. माळ नवी असेल तर तेवढी एक बदलणे रास्तच. पण चार-पाच वर्षांच्या माळेत कोरी बॅटरी घालणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाशेजारी खोंड जुंपणे. औताचा वेग म्हाताऱ्याचाच राहतो, आणि खोंडही फुकट जातो.

उपाय साधा आहे. दर महिन्याला प्रत्येक बॅटरी वेगळी मोजून घ्या, भार टाकूनही मोजा, आकडे वहीत लिहा. पाण्याच्या बॅटऱ्यांत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. सगळे कप्पे समान पातळीवर आणणारे जादा चार्जिंग अशा बॅटऱ्यांनाच, तेही कंपनीच्या सूचनेनुसार आणि जाणत्या माणसाकडून करून घ्या, कारण त्यात हायड्रोजन वायू सुटतो. खोलीत हवा खेळती हवी. जुन्या बॅटऱ्या २०२२च्या नियमांप्रमाणे अधिकृत ठिकाणीच द्या. कुठेतरी फोडल्या गेल्या, तर त्यातले शिसे पोराबाळांच्या अंगात जाते.

हा खर्च कोणासाठी, हे विसरू नये. लिफ्टमध्ये अडकलेल्या आजीसाठी, घरी ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेल्या शेजाऱ्यासाठी. वीज गेल्यावर त्यांच्या हाती बेरीज नसते, ती दहावी बॅटरी असते. तेव्हा येत्या सभेत एक आकडा ऐकून मान डोलावू नका. दहाही आकडे मागा.