काचेपलीकडचा निवाडा

नागपूरच्या नववधूस अमेरिकेतील पतीकडे जावयाचे तर प्रथम मुंबई गाठावी लागते. रेल्वेने ८३७ किलोमीटर, मग वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीपुढची रांग, आणि शेवटी काचेपलीकडील अधिकाऱ्याचे काही मिनिटांचे प्रश्न! खोटे विवाह होतात, तेव्हा चौकशी हवीच. परंतु दोनचार भेटींत ठरला म्हणून विवाहाकडे संशयाने पाहावे, हे आम्हांस मान्य नाही. आमच्या कितीक वाचकांचे संसार तसेच उभे राहिले आहेत! ब्रिटनने १९७९ साली हीथ्रो विमानतळावर एका भारतीय वाग्दत्त वधूची कौमार्यपरीक्षा घेतली. स्थलांतर हा विवाहाचा प्रमुख हेतु नव्हे, हे सिद्ध करावयास लावणारा जाचक नियम तेथे १९९७ पर्यंत टिकला. तो गेल्याने ब्रिटन बुडाले नाही. नकाराची सविस्तर कारणे लेखी मिळावीत, एवढा आग्रह तरी दिल्लीने धरावा.