मोजे द्या, आणि एक फोन करा

११ नोव्हेंबरला अमेरिकेत व्हेटरन्स डे असतो. शाळांमध्ये कार्यक्रम होतात, आपली मुलं माजी सैनिकांसाठी कार्डं रंगवून नेतात. शिकागोत तोवर रात्री गोठायला लागलेल्या असतात. ज्यांच्यासाठी ती कार्डं रंगवली जातात, त्यांतले काही जण त्याच आठवड्यात लोअर वॅकर ड्राइव्हवर, एखाद्या पुलाखाली नाहीतर स्वतःच्या जुन्या गाडीत रात्र काढत असतात. हे आवाहन त्यांच्यासाठी आहे. मी ते शिकागो परिसरातल्या मराठी घरांना करतो आहे, पण डेट्रॉइट, मिनिआपोलिस किंवा न्यू जर्सीतल्या वाचकांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी एक चांगली बातमी. दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांतली एक रात्र ठरवून देशभर बेघरांची मोजणी होते. २०१० मध्ये त्या रात्री ७४,०८७ माजी सैनिक बेघर आढळले होते. २०२४ मध्ये ३२,८८२. चौदा वर्षांत आकडा निम्म्याखाली आला. हे आपोआप झालं नाही. २००८ पासून सरकारनं माजी सैनिकांसाठी घरभाड्याची व्हाउचर्स मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात केली आणि प्रत्येक व्हाउचरबरोबर व्हीएचा, म्हणजे माजी सैनिकांच्या खात्याचा, एक केसवर्कर जोडून दिला. आधी दारू सोड, मग घर मिळेल, अशी अट घालण्याऐवजी आधी छप्पर आणि मग बाकीचं, हा क्रम धरला. म्हणजे रस्त्यावर झोपणाऱ्या माजी सैनिकासाठी या देशात एक चालती व्यवस्था आहे. तो आणि ती व्यवस्था यांची गाठ पडत नाही, ही अडचण आहे. ती गाठ घालून देणं आपल्यातल्या कुणालाही जमण्यासारखं आहे, आणि माझ्या मते ब्लँकेट देण्यापेक्षा ते मोठं काम आहे.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे विचारा. सिग्नलला पाटी घेऊन उभा असलेला माणूस असो किंवा लायब्ररीत रोज दिसणाऱ्या बाई असोत, आधी नमस्कार-चमत्कार, मग सरळ प्रश्न: “डिड यू सर्व्ह इन द मिलिटरी?” “आर यू अ व्हेटरन?” असं विचारू नका. प्रत्यक्ष लढाईवर न गेलेले पुष्कळ जण, विशेषतः स्त्रिया, स्वतःला त्यात धरत नाहीत आणि चटकन नाही म्हणून मोकळे होतात. सातारा-कोल्हापूरकडच्या ज्या घरांत फौजेतून निवृत्त झालेले काका-मामा आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको: फौजी माणूस सहसा हात पसरत नाही. इथलाही पसरत नाही. त्यामुळे उत्तर तुटक आलं तर वाईट वाटून घेऊ नका, जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवू नका, झोपलेल्याला हलवून उठवू नका. युद्धाचा धसका घेतलेला माणूस दचकून उठतो. चार पावलांवरून बोला.

उत्तर हो आलं, तर नंबर द्या: ८७७-४२४-३८३८. ही व्हीएची बेघर माजी सैनिकांसाठीची हेल्पलाइन. ती मोफत आहे आणि चोवीस तास, बाराही महिने चालू असते. त्यांच्याकडे फोन नसेल किंवा थंडीनं त्याची बॅटरी गेली असेल, तर तुमच्या फोनवरून लावून द्या. त्यांच्या वतीनं तुम्हीही बोलू शकता. माणूस कुठे आहे, ते नीट सांगा. पलीकडचा समुपदेशक जवळच्या व्हीए केंद्राशी जोडून देतो. आपल्याकडे पश्चिमेला जेसी ब्राउन आणि हाइन्स ही दोन मोठी रुग्णालयं आहेत. एक मात्र करू नका: “माझा डिस्चार्ज चांगला नव्हता, मला काही मिळणार नाही” असं कुणी म्हणालं, तर मान डोलावून निघून येऊ नका. पात्र कोण, हे ठरवायचं काम त्या खात्याचं. तसा डिस्चार्ज असलेल्यांनाही काही योजना लागू होतात. जगण्याचाच कंटाळा आल्याची भाषा कानावर पडली, तर ९८८ लावून १ दाबा. ती माजी सैनिकांसाठीची वेगळी लाइन आहे.

आता थंडीबद्दल. बर्फ पडला म्हणजेच माणूस गारठून मरतो, ही समजूत काढून टाका. पाऊस, वारा आणि ओले कपडे एकत्र आले, तर पारा चाळीस फॅरनहाइटच्या वर असतानाही शरीराचं तापमान घसरतं. ते ९५ च्या खाली गेलं की हायपोथर्मिया. ओळखायचं कसं? माणूस जॅकेटची झिप ओढायला जातो आणि बोटांना ती सापडत नाही. शब्द जड येतात. चाल अडखळते. विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर येतं. बघणाऱ्याला वाटतं, प्यायलेला आहे. तसं समजून पुढे जाऊ नका. आणि कुडकुडणारा माणूस ऊब न मिळताच कुडकुडायचा थांबला, तर तो सावरला असं मुळीच समजू नका. शरीरानं झुंज सोडली, असा त्याचा अर्थ असू शकतो. ताबडतोब ९११. मदत येईपर्यंत वाऱ्याच्या आड न्या, ओलं काढून कोरडं गुंडाळा, छाती-मान-डोकं आधी गरम करा. शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा चालेल. दारूचा घोट देऊ नका. तिनं अंगात ऊब आल्यासारखं वाटतं, पण आतली उष्णता बाहेर पडते. बोटं पांढरी पडून बधिर झाली असतील तर ती चोळू नका, बर्फानं तर नाहीच.

द्यायचं काय, तर सगळ्यात आधी मोजे. नवे, लोकरीचे, एकाच माणसाला दोन-तीन जोड. सुती मोजा ओला झाला की ओलाच राहतो. दिवसचे दिवस ओल्यात राहिलेले पाय पांढरेफटक, सुरकुतलेले आणि बधिर होतात, कातडी सोलवटते. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांचे पाय असेच सडले. हे व्हायला गोठवणारी थंडीसुद्धा लागत नाही. एक जोड पायात, एक कोरडा पिशवीत, एवढ्यानं पाय वाचू शकतो.

दुसरं ब्लँकेट देण्यापेक्षा खाली अंथरायला फोमची चटई द्या. जमीन खालून ऊब शोषून घेते. ट्रेनचं व्हेंट्रा कार्ड उपयोगी पडतं, त्यानं वॉर्मिंग सेंटरपर्यंत जाता येतं. मॅक्डॉनल्ड्सच्या गिफ्ट कार्डानं खाणं मिळतं आणि आत उबेत बसायला कारणही मिळतं. कागदपत्रांसाठी जाड झिपलॉक पिशवी द्या. लष्करी सेवेचा दाखला, डीडी-२१४, भिजून किंवा हरवून गेला की पुढची बरीच कामं रखडतात. हँड वॉर्मर दिलेत तर ते थेट कातडीवर ठेवू नयेत हेही सांगा. मधुमेहानं बधिर झालेल्या पायाला चटका बसलेला कळत नाही.

प्रोपेनची शेगडी मात्र कुणालाही देऊ नका. ३० जानेवारी २०१९ ला ओ’हेअरवर पारा उणे २३ फॅरनहाइटला गेला होता. त्या थंडीत शिकागोतल्या बेघरांच्या तंबूंच्या वस्तीत हीटरजवळची प्रोपेनची टाकी फुटली आणि अग्निशमन दलानं बाकीच्या टाक्या उचलून नेल्या. बंद तंबूत किंवा गाडीत धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेतो. त्याच दिवशी साउथ साइडच्या एका बाईंनी त्या वस्तीतल्या लोकांसाठी स्वतःच्या क्रेडिट कार्डवर मोटेलच्या खोल्या घेतल्या, आणि हे कळल्यावर अनोळखी लोकांनी पैसे पाठवून खोल्यांचा आकडा साठावर नेला. अशी रात्र पुन्हा येईल तेव्हा मित्रमंडळींच्या ग्रुपमध्ये खोलीची वर्गणी निघावी. एरवी पारा ३२ च्या खाली गेला की शहराची वॉर्मिंग सेंटर्स चालू असतात. ३११ ला फोन केला की मदत पाठवतात. उपनगरांत २११ लावा.

मंडळांना एक विनंती. संक्रांतीच्या कार्यक्रमात कपडे गोळा करणार असाल, तर आधी व्हीएच्या स्वयंसेवक कार्यालयाला विचारा, काय हवं आहे. आपल्या कपाटांतले मीडियम मापाचे कोट इथल्या सहा फुटी माणसाला होत नाहीत. एक्सएल, डबल एक्सएल आणि अकरा-बारा नंबरचे बूट लागतात. आतले कपडे नवेच हवेत. आणि संक्रांतीपर्यंत थांबू नका, तोवर अर्धा हिवाळा सरलेला असतो. दिवाळीच्या कार्यक्रमातच दाराशी खोका ठेवा.

प्रत्येकाला प्रत्येक वेळी थांबता येणार नाही, हे मला कळतं. मुलं गाडीत असतात, रात्र असते, भीतीही वाटते. तेव्हा गाडी थांबवू नका, पुढे जाऊन फोन करा. नंबर आत्ताच साठवून ठेवा, व्हीए होमलेस या नावानं: ८७७-४२४-३८३८. आणि या आठवड्यात कॉस्टकोला जाल तेव्हा लोकरीच्या मोज्यांचं एक पाकीट जास्त घ्या आणि गाडीच्या डिकीत टाकून ठेवा.