बारा लाख कीं चार लाख?

“बारा लाखांपर्यंत कर नाहीं, मग विवरणपत्र कशाला?” असें आमचे व्यापारी बंधू बेधडक विचारतात. हा समज घातुक आहे, हें आम्हांस स्पष्ट सांगणें भाग आहे. २०२५-२६ सालच्या उत्पन्नास नव्या पद्धतींत करमुक्त मर्यादा चार लाखांचीच आहे. तिजवरील रकमेवर कर आकारून, करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असल्यास तो माफ होतो. खास दरानें कर लागणाऱ्या शेअरविक्रीच्या नफ्यास तीहि माफी नाहीं. सरकारनें डांगोरा बारांचा पिटला, चारांचा नाहीं! सबब चार लाखांवर उत्पन्न असणारानें विवरणपत्र भरलेंच पाहिजे. मुदत चुकल्यास विलंबशुल्क पडतें. शिवाय धंद्यांतील तोटा पुढील सालच्या नफ्यांतून वजा घालण्याचा हक्कहि जातो, व मंदीच्या सालीं दुकानदाराच्या हातीं तेवढाच काय तो दिलासा उरलेला असतो.