आभासी यंत्रांचे साचे आणि आज्ञावलींची कोठारे

एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक लहान संगणक स्वतंत्रपणे चालत आहेत असा आभास निर्माण करावयाचा, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील आय. बी. एम. कंपनीच्या केंब्रिज येथील शास्त्रीय केंद्रात सीपी-४० ही प्रणाली १९६७ साली वापरात आली, तेव्हापासून ती व्यवहारात उतरली आहे. अशा प्रत्येक भासमान संगणकास आभासी यंत्र म्हणतात. बँका, विद्यापीठे, रुग्णालये आणि शासकीय कार्यालये ह्यांच्या कामकाजाचा मोठा भाग आज अशा यंत्रांवर चालतो. एक यंत्र बिघडले तर दुसरे काही मिनिटांत उभे राहते. कारण प्रत्येक यंत्र मुळापासून घडवावे लागत नाही. एक यंत्र काळजीपूर्वक घडवून त्याचा साचा जपून ठेवतात आणि हवी तितकी यंत्रे त्यातून काढतात.

साच्याची जी थोरवी, तेच त्याचे भय होय. खिळे ओतण्याच्या साच्यात एखादे अक्षर सदोष असेल, तर त्या अक्षराचा प्रत्येक खिळा सदोष निघतो. संगणकाच्या साच्याचेही तसेच आहे. तथापि यंत्राची गती किती, स्मृती किती, खर्च किती ह्यांची जेवढी चौकशी होते, तेवढी साच्यात पडणारा माल कोठून आला ह्याची होत नाही. ही चौकशी यंत्रज्ञांच्या सवयीवर सोडण्याची बाब नव्हे. ती लेखी नोंदीची, आणि सार्वजनिक संस्थांच्या बाबतीत उत्तरदायित्वाची बाब आहे.

साचा कसा घडतो

डेबियन ह्या मुक्त प्रणालीचे उदाहरण घेतले म्हणजे हे स्पष्ट होईल. हिचा आरंभ १९९३ साली झाला. हिच्या आज्ञावली पॅकेज नावाच्या लहान लहान गाठोड्यांत बांधलेल्या असतात, आणि ही गाठोडी एका सार्वजनिक कोठारात ठेवलेली असतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या बाराव्या आवृत्तीत अशी ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. साचा घडविणाऱ्याने एक पॅकेज मागितले की त्याला लागणारी दुसरी, दुसऱ्याला लागणारी तिसरी अशी साखळी आपोआप ओढली जाते. मागणी चार वस्तूंची असते आणि यंत्रात उतरतात शेकडो.

हा सगळा माल कोणत्या पत्त्यावरून आणावयाचा, हे एका छोट्या यादीत लिहिलेले असते. तिला उगम-यादी म्हणता येईल. तिच्यात बहुधा चार-सहा ओळींपेक्षा अधिक मजकूर नसतो; परंतु यंत्राचे सारे भवितव्य त्या ओळींत असते. आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही, आणि आडात जे आहे ते पोहऱ्यात आल्यावाचून राहणार नाही.

माल वाटेत बदलला जाऊ नये ह्यासाठी योजलेली युक्ती मोठी सुबोध आहे. प्रत्येक पॅकेजाचा गणिताने काढलेला एक ठसा असतो. पॅकेजात एका अक्षराचाही फेर झाला तर ठसा बदलतो. हे सर्व ठसे सूचीत नोंदलेले असतात, सूचीचा ठसा एका मुख्य पत्रकात असतो, आणि त्या पत्रकावर कोठाराची अंकीय स्वाक्षरी असते. त्यामुळे माल कोणत्याही मार्गाने आला तरी तो अस्सल आहे की नाही हे ताडून पाहता येते. एवढी सोय असतानाही काम अडले म्हणून ही तपासणी बंद करून साचा पुरा करण्याची वाईट सवय अनेक ठिकाणी आढळते. कुलूप उघडत नाही म्हणून दार काढून ठेवण्यासारखेच हे आहे.

एकच कृती, निराळी फळे

साचा घडविण्याची कृती लिहून ठेवली म्हणजे तोच साचा पुन्हा केव्हाही घडविता येईल, असा समज सर्वत्र आहे. तो अपुरा आहे. कोठार हे वाहत्या पाण्यासारखे असते. दोष दुरुस्त झाले की जुनी पॅकेजे काढून नवी ठेवली जातात. म्हणून जानेवारीत आणि जुलैत एकाच कृतीने घडविलेले दोन साचे आतून भिन्न असतात, आणि त्यांपैकी एकच बिघडला तर कारण शोधणे कठीण होते.

कधी कधी तर पाण्याचा प्रवाहच आटतो. सेंटओएस लिनक्स ह्या प्रणालीवर जगभरातील असंख्य संस्था विसंबून होत्या. तिच्या आठव्या आवृत्तीची निगा २०२९ पर्यंत राखली जाईल अशी अपेक्षा होती. परंतु ही निगा ३१ डिसेंबर २०२१ रोजीच संपेल, असे ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर करण्यात आले. पुढे तिची पॅकेजे नेहमीच्या कोठारांतून काढून जुन्या मालाच्या संग्रहात हलविण्यात आली. सातव्या आवृत्तीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली, आणि त्यानंतर तिच्या कोठारांचे पत्ते सांगणारे ठिकाणच बंद झाले. ज्या कृतींत एका अक्षराचाही बदल झाला नव्हता, त्या कृती एकाएकी निष्फळ ठरल्या.

अशा प्रसंगी सोपा उपाय केला जातो तो असा, की उगम-यादीत जुन्या संग्रहाचा पत्ता घालावयाचा. साचा तयार होतो आणि अडचण दूर झाल्याचे समाधान मिळते. परंतु त्या संग्रहात नव्या दुरुस्त्या येत नाहीत. म्हणजे साच्यातून निघणारे प्रत्येक यंत्र जन्मतःच मुदत संपलेले असते. अडचण नाहीशी होत नाही, ती केवळ दिसेनाशी होते.

विश्वास कोणावर ठेवावा

मूळ कोठारात एखादी आज्ञावली मिळाली नाही म्हणजे तिच्या उत्पादकाचे वेगळे कोठार यादीत जोडण्यात येते. ह्यात दिसत नाही असा एक धोका आहे. डेबियनची व्यवस्था, वेगळी सूचना नसेल तर, एकाच नावाच्या पॅकेजांपैकी अधिक वरच्या क्रमांकाचे पॅकेज निवडते. म्हणून एका आज्ञावलीसाठी जोडलेले परके कोठार मूळ प्रणालीचा कोणताही भाग बदलू शकते. पाहुण्याला ओसरी दिली आणि तिजोरीची किल्लीही त्याच्याच हाती गेली, असे घडू नये ह्याकरिता प्रत्येक कोठाराची किल्ली त्या कोठारापुरतीच मान्य करावी, आणि कोणते पॅकेज कोठून घ्यावयाचे हे स्पष्ट लिहावे. दोन्ही गोष्टींची तरतूद प्रणालीत आहे. ती वापरण्याची शिस्त मात्र हवी.

अस्सल स्वाक्षरी म्हणजे निर्दोष माल असेही नव्हे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, माहिती आटोपशीर बांधणाऱ्या आज्ञावलीत चोरवाट लपविलेली आढळली. दोन वर्षांहून अधिक काळ काम करून विश्वास संपादन केलेल्या एका सहकाऱ्याच्या हातून ती आत शिरली होती. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यास दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला, आणि त्याने त्या क्षुल्लक विलंबाचा पिच्छा पुरविला म्हणून हे कपट उघडकीस आले. ५.६.० आणि ५.६.१ ह्या सदोष आवृत्त्या डेबियनच्या प्रायोगिक शाखांपर्यंत पोहोचल्या होत्या. स्थिर शाखा सुरक्षित राहिली. त्या दिवशी प्रत्येक संस्थेपुढे एकच प्रश्न होता : ही आवृत्ती आपल्या कोणत्या यंत्रात आहे? ज्यांच्यापाशी प्रत्येक साच्याची पॅकेजवार नोंद होती त्यांना उत्तर अल्पावधीत मिळाले असणार. इतरांना एकेक यंत्र उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

साठवण की ताजेपणा

ह्यावर एक सयुक्तिक आक्षेप घेतला जातो. कोठाराची प्रत गोठवून ठेवली तर दुरुस्त्या वेळेवर मिळणार नाहीत, आणि शिळ्या मालाचा साचा ताज्या मालाच्या साच्यापेक्षा अधिक घातक ठरेल, असे म्हणतात. आक्षेप खरा आहे. परंतु तो गोठविण्याविरुद्ध नसून गोठवून विसरण्याविरुद्ध आहे. साचा घडविताना वापरावयाचा उगम आणि त्यातून निघालेल्या यंत्राने पुढे दुरुस्त्यांसाठी वापरावयाचा उगम ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यावर दिनांक असावा : अमुक दिवशीच्या प्रतीवरून हा साचा घडला, असे सांगता आले पाहिजे. दुसरा सतत चालू असावा. साचा बंद करण्यापूर्वी घडणीचे पत्ते त्यातून काढून दुरुस्तीचे पत्ते घालावयास हवेत. नाहीतर प्रयोगशाळेतील तात्पुरता पत्ता शेकडो यंत्रांत तसाच राहतो, आणि ती यंत्रे नसलेल्या दारावर दुरुस्ती मागत राहतात. शिवाय साचा ठराविक कालावधीने, निदान महिन्यातून एकदा, नव्या दिनांकाच्या प्रतीवरून पुन्हा घडवावा आणि जुना निवृत्त करावा.

दिनांकित प्रती ठेवणे अशक्य नाही. २००५ पासूनच्या डेबियन कोठाराच्या अशा प्रतींचा एक सार्वजनिक संग्रह उपलब्ध आहे. हव्या त्या दिवशी कोठारात काय होते हे त्यात पाहता येते. एका जातीच्या संगणकांपुरती कोठाराची प्रत आज बाजारात मिळणाऱ्या साध्या हार्ड डिस्कवर मावते. तेवढेही नको असेल, तर लागलेली पॅकेजेच साठवून ठेवणारा मध्यस्थ सर्व्हर पुरेसा होतो. खरा खर्च यंत्राचा नाही, लक्ष देणाऱ्या माणसाचा आहे.

सार्वजनिक संस्थांचे कर्तव्य

भारताने ह्या क्षेत्रात काही पाया घातला आहे. सी-डॅक ह्या संस्थेने डेबियनच्या आधारे बॉस ही प्रणाली सिद्ध केली. सर्ट-इन ह्या शासकीय यंत्रणेने २०२४ साली आज्ञावलींच्या घटकांची यादी कशी ठेवावी ह्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ह्यापुढील पाऊल म्हणजे असे घटक जेथून येतात त्या उगमांची व्यवस्था होय. एकेका शाळेने वा ग्रंथालयाने स्वतःचे कोठार सांभाळावे अशी अपेक्षा करणे अवाजवी ठरेल. परंतु विद्यापीठांनी आणि राज्यांच्या संगणक केंद्रांनी स्वाक्षरी तपासलेल्या, दिनांकित प्रती ठेवून आसपासच्या संस्थांना पुरवाव्या, हे सर्वस्वी साध्य आहे. असे झाले तर परदेशातील एखाद्या कंपनीने धोरण बदलल्याच्या दिवशी येथील रुग्णालयाचे वा परीक्षा मंडळाचे काम खोळंबणार नाही.

ह्यासाठी मोठ्या शोधाची आवश्यकता नाही. प्रत्येक साच्याबरोबर त्याची उगम-यादी, दिनांक, पॅकेजांची नोंद आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव ठेवावे. तपासणी कधीही बंद करू नये. आणि आजचा साचा नष्ट झाला तर तो तसाच पुन्हा घडविता येईल काय, ह्याची वर्षातून एकदा प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी. घराचा पाया घालताना दगड कोणत्या खाणीचा हे विचारणारा माणूस चिकित्सक ठरत नाही, शहाणा ठरतो. ज्या यंत्रांवर लोकांचे वेतन, उपचार आणि शिक्षण अवलंबून आहे, त्यांच्याविषयीही तोच प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि त्याचे उत्तर लेखी मिळाले पाहिजे.