चापावरचे बोट

फॅन आर्ट विभागाकडे येणाऱ्या चित्रांत ऑस्ट्रियाची स्टायर ऑग रायफल वारंवार दिसते. त्यात नवल नाही. ऑस्ट्रियन लष्कराने १९७७ मध्ये स्वीकारलेले हे शस्त्र आजही विज्ञानकथेतले वाटते. १९८८ च्या ‘डाय हार्ड’मध्ये ते खलनायक कार्लच्या हाती होते, ‘काउंटर-स्ट्राइक’ने ते खेळाडूंच्या हाती दिले आणि चिनी ‘गर्ल्स फ्रंटलाइन’ने तर त्यालाच मुलीचे रूप दिले. आमची तक्रार एवढीच, की बहुतेक चित्रांत ऑगची बाह्यरेषा उतरते, रचना उतरत नाही.

ऑगचे रूप नटवण्यासाठी घडलेले नाही. बोल्ट आणि मॅगझिन चापाच्या मागे, दस्त्यातच बसवल्यामुळे ५०८ मिमीची नळी अवघ्या ७९० मिमीच्या रायफलीत मावते. तेवढ्याच नळीची अमेरिकी एम१६ए२ मीटरभर लांब आहे. साहजिकच ऑगचा तोल मागे, खांद्याकडे सरकतो आणि मॅगझिन बदलायला हात काखेजवळ न्यावा लागतो. अ‍ॅनिमेटरने इथे एम१६ची हालचाल जशीच्या तशी वापरली, तर हात मॅगझिनपर्यंत पोचतच नाही. शिवाय मॅगझिन पारभासक असल्याने आतली काडतुसे दिसतात. किती गोळ्या उरल्या, म्हणजे पात्र किती अडचणीत आहे, हे चित्रकार त्यातून सांगू शकतो. ही संधी फारच थोडे जण घेतात.

सर्वांत मोलाची गोष्ट चापाची. मूळ ऑगवर एकेक गोळी की सलग मारा, हे ठरवणारा खटका नाही. चाप थोडा दाबला की एक गोळी, पूर्ण दाबला की सलग मारा. वेगळे आहे ते फक्त सेफ्टीचे बटण. तरीही चित्रांत इतर रायफलींवरून उचललेला खटका हौसेने काढला जातो. खरे तर संयम की संताप, हे ऑग धरलेल्या पात्राच्या एका बोटातून दाखवता येते. चेहऱ्यावर तासन्‌तास घालवणारे आपण ते बोट मात्र शेवटच्या पाच मिनिटांत उरकतो.

दुसरी खोड कॅनव्हास फ्लिप करण्याची. रचना तपासायला आपण चित्र उलटे करतो आणि कधी कधी तसेच ठेवतो. ऑगमध्ये बोल्ट बदलून आणि झाकण हलवून रिकामी पुंगळी डावीकडूनही बाहेर काढता येते. तेवढ्यापुरते उलटे चित्र खपेल. पण बोल्ट मागे ओढायची मूठ डावीकडेच असते. ती उजवीकडे दिसली, की जाणकाराला चूक कळते. काउंटर-स्ट्राइकच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतल्या उलट्या बाजूच्या बंदुकांची चर्चा तर अजून चालते.

हे सारे तंतोतंत नक्कल करा म्हणून सांगत नाही. नळी दुप्पट करा, दस्त्याला पंख लावा; फॅन आर्टला ती मोकळीक हवीच. मात्र काय मोडतो आहोत हे ठाऊक असले, तरच मोडण्याला अर्थ येतो. लीड्सच्या रॉयल आर्मरीजचे जोनाथन फर्ग्युसन गेममधली शस्त्रे तपासतात, ते व्हिडिओ पाहावेत. आणि यापुढे शस्त्र असलेले चित्र पाठवताना सोबत एक कच्चे रेखाटन जोडा: पुंगळी कुठून बाहेर पडते, वजन कुठे पडते आणि बोट कुठे आहे. निवड करताना आम्ही आधी तेच पाहू.