सेटिंग विसरणार असाल, तर तसे सांगा

अक्षरे मोठी केली, लांब ओळी पडद्याच्या कडेला आपोआप मोडाव्यात असे ठरवले, फाइल युनिकोडमध्येच सेव्ह व्हावी असे निवडले, की माणसाने टेक्स्ट एडिटरला एक सूचना दिलेली असते. एडिटर बंद करून पुन्हा उघडल्यावर ती पुसली गेली असेल, तर तो प्रोग्रॅमचा दोषच मानला पाहिजे. नजर अधू असलेल्याला अक्षराचा आकार रोज नव्याने वाढवावा लागणे म्हणजे कामाआधी रोज एक अडथळा. देवनागरी लिहिणाऱ्यांनी याचा फटका वर्षानुवर्षे सोसला आहे. 2019 पूर्वीच्या विंडोजमधील नोटपॅड नवी फाइल मुळात ‘आन्सी’ एन्कोडिंगमध्ये सेव्ह करी. मराठी मजकूर असेल तर दर नव्या फाइलला ‘सेव्ह अ‍ॅज’च्या खिडकीत तळाच्या यादीतून युनिकोड किंवा यूटीएफ-8 निवडावे लागे; ती निवड कायमची करण्याची सोय तिथे नव्हती. तसे न केल्यास इशारा यायचा, पण घाईत ‘ओके’ दाबले की फाइलमध्ये अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उरत. त्या वर्षीच्या मे महिन्यातील अपडेटने यूटीएफ-8 हीच मूळ निवड केली, तेव्हा हा जाच संपला.

सेटिंग हरवण्याची कारणे बहुतेक वेळा साधी असतात. आपल्या निवडी एखाद्या छोट्या फाइलमध्ये किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत लिहून ठेवल्या जातात. लिहिणे राहिले की त्या गेल्या. नोटपॅड प्लस प्लस हा एडिटर आपली ‘कॉन्फिग’ फाइल प्रोग्रॅम बंद होताना लिहितो. त्याआधी वीज गेली किंवा संगणक अडकल्यामुळे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करावा लागला, तर नवे बदल त्या फाइलपर्यंत पोहोचतच नाहीत. तोच प्रोग्रॅम एकाच वेळी दोनदा स्वतंत्रपणे चालू असेल, तर नंतर बंद होणारा आधीच्याचे लिहिणे पुसू शकतो. कधी ज्या फोल्डरमध्ये लिहायचे तिथे वापरणाऱ्याला परवानगीच नसते. कार्यालयांत आणि प्रशिक्षण केंद्रांत विंडोजचे ‘मँडेटरी प्रोफाइल’ लावलेले असेल, तर लॉगआउट करताच केलेले बदल टाकून दिले जातात. यातल्या कितीतरी प्रसंगी पडद्यावर एक शब्दही उमटत नाही. सगळे ठीक आहे असे समजून माणूस उठतो आणि दुसऱ्या दिवशी स्वतःलाच दोष देतो.

यावर जाणकार म्हणतील की विसरणे हा काही वेळा हेतूच असतो. ते खरे आहे. शाळेच्या संगणक कक्षात सकाळच्या मुलाने केलेले बदल दुपारच्या मुलीच्या माथी मारू नयेत. ‘विम’सारख्या जुन्या परंपरेच्या एडिटरमध्ये ‘सेट’ आज्ञेने केलेला बदल तेवढ्या बैठकीपुरताच असतो. कायमचा हवा तर ‘विमआरसी’ फाइलमध्ये स्वतः लिहायचा. या शिस्तीचा लाभही आहे: ती फाइल उचलून दुसऱ्या संगणकावर नेता येते. पण या आक्षेपाने तात्पुरत्या बदलाची गरज सिद्ध होते, गप्प राहण्याची नव्हे. ‘ईमॅक्स’ या एडिटरमध्ये सेटिंग बदलताना ‘या बैठकीपुरते’ आणि ‘पुढच्या बैठकांसाठीही’ असे दोन वेगळे पर्याय समोर येतात. वैयक्तिक सेटिंग न वाचता तो सुरू केला असेल, तर कायमचे जतन करायला तो नकार देतो आणि आधीची सेटिंग्ज पुसली जातील हे कारणही सांगतो. म्हणजे एवढा खुलासा करणे अशक्य मुळीच नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. बदल झाला की तो लगेच लिहावा, प्रोग्रॅम बंद होण्याची वाट पाहू नये. लिहिता आला नाही तर कारणासह त्याच वेळी सांगावे. बदल तात्पुरता असेल तर तसे त्या बटणाशेजारीच लिहावे. मोठ्या संख्येने संगणक वापरणाऱ्या सरकारी कार्यालयांनी आणि शाळांनी खरेदीपूर्वी एक सोपी चाचणी घ्यावी: फॉन्ट बदला, मशीन बंद करा, पुन्हा सुरू करा आणि पाहा. सुरक्षेसाठी बदल पुसणे गरजेचे असेल, तर निदान अक्षराचा आकार आणि कीबोर्डची निवड माणसागणिक जपण्याची तजवीज व्हावी. हे लाड नव्हेत. याच निवडींच्या आधारे कित्येकांना लिहिता-वाचता येते.