तार गेली, अर्थिंगचे काय?

कार्तिक उजाडला की गोमंतकापासून कारवार-जोयड्यापर्यंतच्या डोंगराळ मुलुखात देवळांपुढचे मांडव गजबजू लागतात. दशावतारी काला, हौशी मंडळींचे सामाजिक नाटक, भजन आणि अलीकडे त्यांच्या जोडीला ऑर्केस्ट्रा. जोयडा तालुक्यातील नंदिगड्डे हे असेच रानाच्या कुशीतले गाव. त्या परिसरातल्या एका मांडवात गेल्या हंगामात एका तरुण बेसवादकाने आम्हांस मोठ्या अभिमानाने एक वस्तू दाखविली. काड्यापेटीएवढी डबी, ती वाद्याला खोचायची, तिची जुळी बहीण अँप्लिफायरला. मधली वीस हातांची वायर गायब! आता रंगमंचावर कोठेही हिंडावे, नाचावे, वायरीत पाय अडकून गायिकेच्या अंगावर कोसळण्याचे भय नाही. आम्ही त्याचे अभिनंदन केले. मग रंगमंचामागे डोकावलो, तो काय दिसावे? ज्या फळ्यावरून सारा मांडव वीज घेत होता, त्यातील एका सॉकेटात दोन उघड्या तारा काड्यापेटीच्या काड्यांनी ठोकून बसविल्या होत्या. तिसऱ्या, म्हणजे अर्थिंगच्या भोकाशी कोणाचेच देणेघेणे नव्हते.

एकाच रंगमंचावर पुढे एकविसावे शतक आणि मागे काड्यापेटीची काडी, हे दृश्य विनोदी वाटेल. ते विनोदी नाही. ज्या तालुक्याने काळी नदीवरील सुपा धरणाखाली आपले जुने सुपे गाव बुडू दिले, आणि जिच्या पाण्यावर खाली नागझरीचे वीजगृह चालते ती नदी ज्याच्या रानातून वाहते, त्या तालुक्यातील कलावंताच्या बोटांपर्यंत वीज पोहोचते ती अशी.

विजेच्या गिटारीची रचना ज्यांस ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. या वाद्याच्या पोलादी तारा आतून वायरीच्या जाळीला जोडलेल्या असतात, आणि ती जाळी अँप्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला. गुणगुण कमी व्हावी म्हणून ही योजना. सांगाड्याचे अर्थिंग शाबूत असेल तर वादकाचा हात जणू धरणीमातेच्या हाती असतो. पण अर्थिंग नसेल आणि आत कोठे वीज गळत असेल, तर त्याच तारा २३० व्होल्टच्या तारा होतात. वादक नुसता वाजवीत राहिला तर कदाचित काही होणारही नाही. तो गाण्यासाठी पुढे झुकला आणि त्याचे ओठ मायक्रोफोनच्या जाळीला लागले, की बोटे एका टोकाला आणि ओठ दुसऱ्या टोकाला, मध्ये त्याचे काळीज. माणसाला मारण्यास अँपिअरचा विसावा-तिसावा हिस्साही पुरतो.

ही भीती पुस्तकी नव्हे. ३ मे १९७२ रोजी इंग्लंडच्या शेजारच्या वेल्समधील स्वॅन्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वे अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावताच भर रंगमंचावर गतप्राण झाला. त्याचे वय अवघे सत्तावीस. पुढे १२ डिसेंबर १९७६ रोजी अमेरिकेत फ्लोरिडातील लेकलँड येथे ‘किस’ या वृंदाच्या एस फ्रेलीचा हात जिन्याच्या लोखंडी कठड्याला लागला आणि तो फेकला गेला. दैव बलवत्तर म्हणून वाचला. त्याच सुमारास केन शॅफर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने गिटारीसाठी बिनतारी यंत्रणा सिद्ध केली होती, आणि ‘किस’च्या वादकांनी ती लवकरच जवळ केली. आज जी डबी नाचण्याच्या हौसेची म्हणून विकली जाते, तिच्या लोकप्रियतेमागे विजेच्या धक्क्याचाही वाटा आहे, हे आपल्या वादकांनी विसरता कामा नये.

म्हणूनच बिनतारी गिटारीला आमचा विरोध नाही. उलट स्वागतच आहे. तारच नाही म्हटल्यावर अँप्लिफायरमधील गळती वादकाच्या बोटांपर्यंत येण्याचा मार्गच खुंटतो. आणखी एक लाभ असा की, दोन उपकरणांची अर्थिंग भिन्न ठिकाणी झाल्यामुळे जी भणभण उठते तीही पुष्कळशी थांबते. हा लाभ किरकोळ नाही. कारण ही भणभण घालविण्यासाठी आपल्याकडचे कित्येक ध्वनिक्षेपकवाले काय करतात? प्लगची तिसरी जाड पिन सरळ कापून टाकतात! आवाज स्वच्छ होतो, टाळ्या पडतात आणि मृत्यूची वाट मोकळी राहते. या रिवाजाला अज्ञान म्हणावे की निष्काळजीपणा, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही त्याला गुन्हा म्हणू.

परंतु मांडवात एकटा गिटारवादक नसतो. त्याची तार गेली तरी गायिकेच्या हातातील मायक्रोफोनला तार आहे, की-बोर्डला आहे, दिव्यांच्या लोखंडी खांबांना आहे. शिवाय आपला रंगमंच हा स्वॅन्सीचा नव्हे. देवळाचे आवार म्हणून पायांत वहाण नसते. दशावतारी तर अनवाणीच नाचतो. पहाटेच्या दवाने फळ्या ओल्या झालेल्या. अशा ठिकाणी ओठ सजीव मायक्रोफोनला लागले तर गिटारीची तार नसली म्हणून काय झाले? प्रवाहाला पायांखालची जमीन आहेच. बिनतारी डबीने एका माणसाला एका बाजूने वाचविले. बाकीचे जेथे होते तेथेच आहेत. किंबहुना ‘आमच्याकडे आता सारे वायरलेस आहे’ या भ्रमापायी उरलेसुरले लक्षही उडण्याचा संभव अधिक.

आपल्या मातीची एक खोडही ध्यानात घ्यावयास हवी. जत्रांचा काळ म्हणजे कार्तिक ते वैशाख, पावसाचा टिपूस नसण्याचा. पावसाळ्यात चिंब असणारा जांभा तेव्हा वाळून खडखडीत होतो आणि वाळलेली जमीन वीज घेत नाही. मांडवाच्या कोपऱ्यात हातभर सळई ठोकली म्हणजे अर्थिंग झाले असे समजणे हे देवापुढे नारळ न फोडता करवंटी ठेवण्यासारखे आहे. सळई वा नळी खोल जावी, भोवती मीठ-कोळसा भरावा, संध्याकाळी दोन घागरी पाणी ओतावे. विहिरीकाठची, माडांच्या आळ्याजवळची ओली जागा मिळाल्यास सोन्याहून पिवळे. आणि मुख्य फळ्यावर तीस मिलिअँपिअर गळती होताच क्षणार्धात प्रवाह तोडणारी कळ असावी. जनित्र लावले असेल तर त्याचा सांगाडा व न्यूट्रल जमिनीशी जोडलेला आहे की नाही हे जाणत्या वायरमनने आधी पाहावे, कारण तो जोडलेला नसेल तर त्या कळीवर विसंबता येत नाही.

आता हवेतल्या तारेविषयी. गिटारीचा सूर ज्या लहरींवर स्वार होतो त्या कोणाच्या मालकीच्या? १९३३ च्या बिनतारी कायद्यापासून आपल्याकडे उत्तर एकच आहे: सरकारच्या परवानगीच्या. सुदैवाने २००५ साली केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अल्प शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. आज बाजारात मिळणाऱ्या स्वस्त डब्या बहुतांशी याच पट्ट्यात चालतात. शहरात या पट्ट्यात वायफायची झुंबड असते. जोयड्याच्या रानातल्या वाड्यावस्त्यांत, जेथे भ्रमणध्वनीची एक रेघ मिळविण्यासाठी लोकांना टेकडी चढावी लागते, तेथे तो पट्टा शांत असतो. उपेक्षेचा असाही एक फायदा व्हावा, ही मौजच. मात्र या लहरी ओल्या वस्तूंत, म्हणजे माणसांच्या अंगातही, जिरतात. म्हणून ग्राहक डबी अँप्लिफायरच्या मागे, गर्दीच्या आड न ठेवता वादकाच्या दृष्टीसमोर ठेवावी. आवाज पोहोचण्यास तीन-चार सहस्रांश सेकंद उशीर होतो म्हणून काही जुने वादक नाके मुरडतात. पण अँप्लिफायरपासून एक-सव्वा मीटर दूर उभे राहिले तरी तेवढाच उशीर होतो, तेव्हा ही तक्रार फारशी मनावर घेण्यासारखी नाही. बेसवाल्यांचे गाऱ्हाणे अधिक खरे होते. त्यांच्या सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. जुन्या संचांतून जाताना त्याची धाप लागत असे. नव्या डिजिटल संचांनी ती पुष्कळशी घालविली आहे.

खरी गोम आहे ती परदेशांतून येणाऱ्या जुन्या संचांत. आमच्या घराघरांतले तारवटी आणि आखातात राबणारे भाऊ घरी परतताना काय काय घेऊन येतात! त्यांत स्वस्तात मिळालेले बिनतारी संचही असतात. ते स्वस्त का मिळाले, हे कोणी विचारीत नाही. अमेरिकेने ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील बिनतारी मायक्रोफोनांवर जून २०१० पासून बंदी घातली, आणि ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग जुलै २०२० मध्ये काढून घेतला. तेथे निरुपयोगी झालेला माल कोठे तरी खपणारच. आपल्याकडे ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात दूरध्वनी कंपनीने घेतला आहे. अशा लहरींवर गिटार वाजविणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात नांगर घालणे. कायद्याचे सोडा, ऐन रंगात आलेल्या गाण्यात प्रेक्षकाच्या खिशातला फोनच आपला सूर बुडवील.

परंतु नंदिगड्ड्याच्या पोराने हे जाणावे कसे? संसदेने २०२३ साली जुन्या तार व बिनतारी कायद्यांच्या जागी नवा दूरसंचार कायदा केला. रंगमंचावरील उपकरणांसाठी कोणते पट्टे मोकळे आणि कोणते वर्ज्य, याचे एक पानी पत्रक मराठी, कोंकणी व कन्नडमध्ये काढणे दूरसंचार खात्यास अवघड नाही. विक्रेत्याने खोक्यावर लहरींचा आकडा ठळक छापावा, अशी सक्तीही खात्याने करावी. जत्रेसाठी तात्पुरती जोडणी देताना जोयड्यात हेस्कॉमने आणि गोव्यात वीज खात्याने आपला माणूस पाठवून अर्थिंग मोजून पाहावे व तसा शेरा कागदावर लिहावा. देवस्थान समित्यांना तर आमचे एवढेच सांगणे आहे की, फटाके, मंडपाची कमान आणि पाहुण्यांच्या शाली यांच्या खर्चाच्या यादीत प्रवाह तोडणारी एक कळ आणि तांब्याची एक सळई घालावी. त्यांची किंमत त्या बेसवादकाच्या डबीहून फार नसते. यंदाच्या जत्रांची पत्रके अजून छापून व्हायची आहेत. बैठका तर चालूच आहेत.